एक राउंड खाली

अमेरिकेतल्या मूर्सव्हिलला एका रेस टीमच्या शॉपमध्ये मी मेकॅनिक म्हणून लागलो 2022 साली, म्हणजे नॅसकार मोटर शर्यतींच्या सगळ्यात वरच्या कप मालिकेत नेक्स्ट जेन ही नवी गाडी आली त्याच वर्षी. जुनी नॅसकार गाडी कधी हाताळलीच नव्हती. मागच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, 18 इंची अॅल्युमिनियमची चाकं, प्रत्येकात मधोमध एकच नट, पाच गिअरचा सिक्वेन्शियल बॉक्स. माझ्या लेखी नॅसकारची स्टॉक कार म्हणजे हीच.

एप्रिल 2023 मध्ये मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर एक्सफिनिटीच्या, म्हणजे कपच्या खालच्या मालिकेच्या, गाडीवर माणूस कमी पडला आणि मला तिकडे पाठवलं. लांबून दोन्ही गाड्या बहिणी वाटतात. खाली वाकलो आणि चाटच पडलो. पाच नटांची 15 इंची लोखंडी चाकं, चार गिअर, आणि कपने 2012 मध्ये सोडलेला कार्बोरेटर! मागे ट्रकला असतो तसा सलग अॅक्सल. तो आडवा सरकू नये म्हणून एक दांडा असतो, ट्रॅक बार. त्याचं चॅसीकडचं टोक वर घेतलं की गाडीचं बूड वळणावर सुटतं, खाली घेतलं की धरून बसतं. कपच्या नव्या गाडीत हा दांडाच नाही.

सरावात ड्रायव्हर रेडिओवर ओरडला, "लूज आहे, फार लूज!" म्हणजे बूड सुटतंय. चीफ म्हणाला, "ट्रॅक बार एक राउंड खाली." माझ्या कानांनी 'एक राउंड', म्हणजे पान्याचा एक पूर्ण फेरा, तेवढं धरलं. मागच्या काचेतल्या ओळखीच्या भोकातून लांब पाना घातला आणि उलटा फिरवला. ते भोक डाव्या मागच्या स्प्रिंगचं होतं. तिच्यावरचा दाब कमी झाला, म्हणजे गाडी आणखी लूज.

मार्टिन्सव्हिलचा ट्रॅक जेमतेम 850 मीटरचा, त्यामुळे निकाल कळायला अर्धा मिनिटही लागला नाही. दुसऱ्याच वळणावर गाडी आडवी. भिंतीला लागली नाही, हे ड्रायव्हरचं कसब. परत आल्यावर त्याने हेल्मेटची काच वर केली आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. शिवी परवडली असती.

तिथला सगळ्यात जुना मेकॅनिक टॉर्च घेऊन आला. माझं मनगट धरून त्याने पाना आधी स्प्रिंगवर ठेवला, घेतलेला राउंड परत दिला. मग पाना दुसऱ्या भोकात घालून ट्रॅक बारचा स्क्रू फिरवायला लावला. हाताला लागणारा जोरच वेगळा होता. "डोळे मिटून सांग आता, कुठला कुठला," तो म्हणाला.

संध्याकाळी बघतो तर माझ्या पान्याच्या मुठीला पिवळी टेप, त्यावर मार्करने लिहिलेलं: 'ही कप नाही'. अजून काढलेली नाही.