अर्ध्या हळकुंडानं

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर मी दिवाणजी आहे. दिवसभर ट्रक भरून रवाना करतो आणि रात्री जेवण झालं की वरच्या मजल्यावर, आमच्या बिऱ्हाडात, कॉम्प्युटरवर ट्रक चालवतो. युरोपातल्या रस्त्यांवरून माल पोचवायचा असा तो गेम आहे. हॅम्बुर्गहून चीज उचलायचं, प्रागला टाकायचं, डिझेलचा खर्च वजा जाता किती उरले ते बघायचं. थोडक्यात, दिवसा करतो तेच. फक्त तिथे हमाली, तोलाई नाही आणि शेतकरी उचल मागायला येत नाही.

पहिल्याच आठवड्यात बायको म्हणाली, "अहो, खाली एवढे ट्रक उभे आहेत, त्यातला एखादा चालवा की! चार पैसे तरी येतील."

यावर माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं.

दीड वर्षापूर्वीच्या दिवाळीत बोनसचे पैसे आणि मोडलेली एक भिशी मिळून हा गेमिंग कॉम्प्युटर घेतला. एका बाजूला काच, आत रंग बदलणारे पंखे. आईनं बघून एवढंच विचारलं, "गणपतीत लावायचा होता काय हा?" पहिला उन्हाळा त्यानं कसाबसा काढला असणार, मला कळलं नाही. यंदा पाडव्यानंतर मात्र दुखणं उघड झालं. सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं ट्रक तुपावरून जातोय असा पळायचा आणि मग अडखळायला लागायचा. गाव जवळ आलं की जास्त. एकदा टोलनाक्यापाशी मी स्टिअरिंग वळवलं, ट्रकनं जरा विचार केला आणि मग वळला. तोवर दुभाजक आला होता.

भाचा मिरजेला असतो आणि विश्रामबागेत इंजिनिअरिंगला येतो. त्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, आधी कोपऱ्यात एफपीएस दाखवायला लावा. आकडा कळल्याशिवाय बोलण्यात अर्थ नाही."

आकडा लावला आणि तिथूनच माझं वाटोळं सुरू झालं.

एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडद्यावर येतात तो हिशेब. माझा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलू शकतो, म्हणून ६० मिळाले की माणसानं समाधान मानावं. मला कधी ५८ दिसायचे, कधी ३४. आता दिवाणजी माणसाच्या डोळ्यांसमोर आकडा ठेवलात तर तो दुसरं काय बघणार? आल्प्सचे डोंगर आले नि गेले, पाऊस पडला, सूर्य मावळला, मी आपला डाव्या कोपऱ्यात नजर लावून. पूर्वी गाडी घाटात शिरली की बरं वाटायचं, आता ४७ वरून ५१ झाले की बरं वाटायला लागलं. ट्रक कुठे चालला आहे याच्याशी माझा संबंध उरला नाही.

मला एक शंका होती. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांवर चालतो आणि गुळगुळीत दिसतो. मग गेमला ३४ का पुरत नाहीत? भाच्यानं सांगितलं ते पटलं. सिनेमात हलत्या वस्तूची रेष प्रत्येक चित्रात थोडी फरफटलेली असते, त्यामुळे डोळा चित्रांमधली फट भरून काढतो. शिवाय सिनेमा आपण नुसता बघतो. गेममध्ये आपला हात असतो, आणि हातानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या चित्रात मिळायला हवं. ६० ला एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकतं. त्यातलं एखादंच १०० मिलिसेकंद रेंगाळलं तरी सरासरी फारशी हलत नाही, पण हाताला ठेच लागते. हे मला त्यानं समजावण्याआधीच ठाऊक असायला हवं होतं, कारण मी सांगली-मिरज शहर बसनं वीस वर्षं प्रवास केलाय. तासाला सहा बस ही सरासरी कागदावर उत्तम असते. आपण थांब्यावर उभे असताना पाऊण तास एकही येत नाही आणि मग पाच एकापाठोपाठ येतात, त्याही रिकाम्या. सरासरी मात्र सहाच.

असो. तर आकड्याच्या मागे लागल्यावर उपायांचं पेव फुटलं. मोबाईलवर 'एका क्लिकमध्ये एफपीएस दुप्पट' असं सांगणारे व्हिडिओ अमाप आहेत, पी हळद आणि हो गोरी. आम्ही हळदीतली माणसं, आम्ही तरी फसायला नको, पण मी सगळे करून पाहिले. पडद्यावरची चित्रं रंगवणारं जे ग्राफिक्स कार्ड, त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्राम, पुसून नवा घातला. मागे गुपचूप चालणारे प्रोग्राम बंद केले. पॉवरची सेटिंग बदलली. रॅमच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या कामापुरत्या स्मरणशक्तीच्या, दोन पट्ट्या शेजारी-शेजारी बसवल्या होत्या, त्या एक जागा सोडून लावल्या, म्हणजे दोघी जोडीनं काम करतात. यातलं रॅमचं तेवढं खरंच चुकलेलं होतं. पण हे सगळं मी एका रात्रीत केलं आणि आकडा चारनं वाढला. आता तो कशानं वाढला? आमच्या आईचा खोकला असाच बरा होतो. आल्याचा काढा, ज्येष्ठमध, मिठाच्या गुळण्या आणि डॉक्टरांची गोळी एकाच दिवशी. नंतर श्रेय नेहमी काढ्याला.

शेजारच्या गाळ्यातले वायरमन काका एकदा सहज डोकावले. ते ठामपणे म्हणाले, "व्होल्टेज कमी येतंय." सांगलीत कुठलंही यंत्र बिघडलं की हे निदान तयार असतं, आणि पंख्याच्या, पाण्याच्या मोटरीच्या बाबतीत बहुतेकदा खरंही ठरतं. मी दोन दिवस स्टॅबिलायझरचे भाव काढत होतो. भाचा हसला. कॉम्प्युटर म्हणजे पंखा नव्हे, व्होल्टेज उतरलं म्हणून हळू फिरायला. त्याच्या पेटीतला सप्लाय आत येणारी वीज पडती असली तरी आतल्या भागांना हवी तेवढीच मोजून देतो, आणि अगदीच जमलं नाही तर सरळ बंद पडतो. मधलं कुंथणं त्याच्या स्वभावात नाही.

मग मी सेटिंगमध्ये शिरलो. सावल्या कमी केल्या, लांबची झाडं कमी केली. जर्मनी हळूहळू आमच्या दुष्काळी जत तालुक्यासारखी दिसायला लागली. शेवटी आरशांवर आलो. ट्रकच्या दोन्ही बाजूंच्या आरशांत मागचा रस्ता दिसतो, पण कॉम्प्युटरकडे खरा आरसा कुठला? तेच सगळं दृश्य मागच्या बाजूनं त्याला पुन्हा काढावं लागतं, प्रत्येक आरशासाठी वेगळं. म्हणजे पुढचा एक रस्ता दाखवायला तो तीन-चार रस्ते रंगवत बसतो. मी आरसे बंद केले. ३४ चे ४१ झाले. अर्ध्या हळकुंडानं पिवळा होऊन मी भाच्याला रात्री अकराला फोन केला, "सापडलं रे!"

"मामा, पंधरा मिनिटांनी किती आहेत?" त्यानं विचारलं.

पंधरा मिनिटांनी ३३ होते.

रविवारी तो आला. आल्या आल्या त्यानं पडद्यावरची चित्राची बारकाई १०८० वरून ७२० वर आणली. सगळं धुरकट दिसायला लागलं, आकडा मात्र जागचा हलला नाही. मला वाटलं, हाही उपाय फसला. तो म्हणाला, "हा उपाय नव्हता, ही तपासणी होती." मग त्यानं दाखवलं की ग्राफिक्स कार्ड जेमतेम ४५ टक्के काम करतंय. मी बोनसचा मोठा भाग ज्याच्यावर घातला ते कार्ड निम्मा वेळ हात बांधून बसलेलं.

हे मात्र मला लगेच कळलं. गाळ्यापुढे ट्रक लावला आहे, तो निम्मा रिकामा. लहान ट्रक लावून बघितला, तरी भरायला तेवढाच वेळ. म्हणजे खोळंबा ट्रकचा नाही, पोती आणणाऱ्या हातांचा आहे. कार्ड म्हणजे ट्रक, प्रोसेसर म्हणजे हमाल. काय कुठे आहे, कोण कुठे वळला, याचा हिशेब करून प्रोसेसर पोतं टाकणार, तेव्हा कार्ड ते रंगवणार.

"मग हमालाला झालं काय?"

भाच्यानं तापमान काढलं. ९९ अंश.

प्रोसेसर शंभरीच्या आसपास पोचला की जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. माझा ४.४ गिगाहर्ट्‌झचा गडी २ च्या खाली येऊन चालत होता. पहिली दहा-पंधरा मिनिटं गाडी सुरळीत का जायची, तेही उलगडलं. तेवढा वेळ त्याला तापायला लागायचा. एप्रिलातल्या दुपारी दोनला यार्डात पोती उचलणारा माणूस सकाळच्या वेगानं चालत नाही आणि तो बिघडला आहे असं कोणी म्हणत नाही. त्याला पाणी देतात, सावलीत बसवतात. मी माझ्या हमालाला महिनाभर नवे ड्रायव्हर देत होतो.

"बाजूची काच कधी उघडलीत?" भाच्यानं विचारलं.

दीड वर्षात कधीच नाही. आत दिवे लागायचे, बाहेरून छान दिसायचं.

काच काढली. आत सगळं पिवळं होतं. पुढच्या जाळीवर साय धरावी तसा हळदीचा थर, आणि प्रोसेसरवर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा जो गठ्ठा असतो, ज्यातून पंखा वारा फुंकतो, त्याच्या फटी लिंपल्यासारख्या बुजलेल्या. फेब्रुवारीपासून सौदे जोरात असतात. खाली पोती ओतली जातात, चाळण्या चालतात, आणि माझा कॉम्प्युटर नेमका त्या खिडकीखाली, जमिनीवर. पलीकडे स्वयंपाकघर. हळदीची धूळ कोरडी राहिली असती तर उडून तरी गेली असती, पण तिच्यावर रोज फोडणीची वाफ बसत होती. बोट लावलं तर चिकट. वास तर अगदी पातेल्यातला. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकित धूळ खाणारे कॉम्प्युटर देशात फार नसावेत.

मला एकदम हरिपूरची पेवं आठवली. कृष्णाकाठी जमिनीत खोल खणलेली ती कोठारं. तोंड बंद केलं की आत हवा नाही, किडा नाही, हळद वर्षानुवर्षं टिकायची. २००५ च्या महापुरात त्यांतल्या बहुतेकांत पाणी शिरलं. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, नाहीतर माणूस गुदमरतो, हे तिथली जुनी माणसं बजावून सांगत. मी पाच हजार रुपयांच्या काचेच्या कॅबिनेटचं पेव केलं होतं आणि आत एक जीव कोंडून ठेवला होता.

पेढीतला ब्लोअर आणला, कॉम्प्युटर गॅलरीत नेला. भाच्यानं पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवलं, कारण बाहेरच्या वाऱ्यानं ते वाटेल तसं भिरभिरलं तर बेअरिंग जातं. मी ब्लोअर सुरू केला. पुढच्या क्षणी आम्ही दोघं पिवळे. त्याचा शर्ट पांढरा होता. बायको आतून बघून म्हणाली, "पोराला हळद लागली. मुलगी कोण ते तरी सांगा." थरातलं फोडणीचं तेल वाऱ्यानं निघेना, तेव्हा तो गठ्ठा सोडवून ब्रशनं घासला. गठ्ठा सुटला म्हणजे खालची जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावणं आलंच. ती प्रोसेसरची उष्णता वरच्या धातूला पोचवते. भाच्यानं मटारच्या दाण्याएवढी लावली. मला ती फारच कमी वाटली, पण नाकं मुरडायची माझी पत राहिली नव्हती.

मधल्या वेळात आईनं ती पुढची जाळी उचलून परस्पर कपड्याच्या साबणानं घासली. जाळी लाल झाली. भाचा घाबरला, काय केमिकल लागलं म्हणून. आईला काहीच आश्चर्य वाटलं नाही. हळदीला साबण किंवा चुना लागला की ती लालच होते, हळदीचं कुंकू होतं ते याच गुणावर. एवढं इंजिनिअरिंग शिकून पोराला हे माहीत नाही, असं तिनं शेजारी दोन घरी सांगितलं.

कॉम्प्युटर आता टेबलावर आहे, खिडकीपासून लांब. त्या रात्री तासभर चालवला. तापमान ६८, आकडा ६०. पंख्याचा आवाजही बदलला. महिनाभर तो जवारी बिघडलेल्या तंबोऱ्यासारखा करकरत होता आणि ती गेमिंग कॉम्प्युटरची खूण असेल असं मी समजत होतो. दुसऱ्या रात्रीही ६०. तिसऱ्या रात्रीही ६०. खरं सांगायचं तर थोडं सुनं सुनं वाटलं. शोधायला काही उरलं नव्हतं, नुसता ट्रक चालवायचा होता.

चौथ्या रात्री साडेनऊला खालचा एक ड्रायव्हर बिल्टीसाठी वर आला. जतचे, साठीला आलेले गृहस्थ, आमच्या पेढीचा माल कित्येक वर्षं नेतात. मी बिल्टी शोधेपर्यंत ते कॉम्प्युटरपुढे उभे राहून बघत होते. मला वाटलं, कौतुक करतील. चित्र एवढं सुरळीत चालतंय, रस्त्यावर पावसाचं पाणी चमकतंय, कोपऱ्यात ६०. त्यांचं लक्ष कोपऱ्याकडे नव्हतंच. ते दोन्ही बाजूंच्या काळ्या चौकोनांकडे बघत होते.

"दिवाणजी," ते म्हणाले, "आरसं झाकून गाडी हाणताय व्हय?"

मी सेटिंग उघडून आरसे चालू केले. आकडा ५४ वर आला. आरशात माझ्याच ट्रकची मागची बाजू दिसली, आणि तिच्या मागे, कधीपासून कोण जाणे, एकामागोमाग एक खोळंबलेल्या सात-आठ गाड्या.

"आता बगा," असं म्हणून बिल्टीची घडी खिशात घालत ते जिना उतरले.