आमची वाटचाल: पैठण गेट ते कोमिक

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, मग बाकीचं. २०२२ च्या दिवाळीत आपल्या शहरात, म्हणजे छत्रपती संभाजीनगरात (तेव्हाचं औरंगाबाद), एक फोटो लई फिरला. हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातल्या कोमिक गावची पाटी, पाटीला टेकलेल्या सायकली, पुढं दात काढून उभी असलेली मंडळी, आणि खाली जालना रोडवरच्या एका मोठ्या शोरूमचं नाव. ‘आमच्या सायकली पोचल्या स्पितीत.’ त्या फोटोत त्यांच्या सायकली दोन आहेत. एकीला त्या क्षणी गिअरच नव्हते आणि दुसरीचं मागचं चाक मी आदल्या रात्री काझ्याच्या, म्हणजे स्पितीतल्या मुख्य गावच्या, गेस्ट हाउसात फरशीवर बसून नव्यानं ताणलेलं होतं. बाकी सगळ्या सायकलींची चाकं आमच्या सायकलच्या दुकानात बांधलेली. फोटो मी काढला, म्हणून मी त्यात नाही.

आता सुरुवातीपासून.

दुकान वडिलांचं. पैठण गेटजवळ, भाड्याच्या सायकलींचं. मडगार्डवर पांढऱ्या रंगात नंबर, वहीत नाव, तासावर पैसे. चिकलठाण्याच्या पाळ्या सुटायच्या तेव्हा दारात रांग लागायची. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि तिथं दुचाक्या जोडायला जाणारी कितीतरी पोरं आमच्या बावीस इंची सायकलींवर जायची. पुढं त्याच पोरांनी हप्त्यावर दुचाक्या घेतल्या आणि आमचं भाडं आटलं. तक्रार नाही, गंमत म्हणून सांगतो.

वडिलांनंतर दुकान माझ्याकडं आलं तेव्हा भांडवल म्हणून काही नव्हतं. दाजी पुढं आले. त्यांची पाचोडकडं मोसंबीची बाग, एका बहाराचे पैसे त्यांनी कागद न करता माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, “माझं नाव बोर्डावर नको, वर्षाला हिशेब दाव.” त्या पैशातून भाड्याच्या सायकली मोडीत काढून विक्रीचं दुकान केलं. पुढची बरीच वर्षं नीट गेली, पोरांच्या शाळा झाल्या. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखे आहेत ते उस्ताद. वडिलांच्या वेळेपासूनचे, शहागंजातले. चाक बांधणं, म्हणजे मधला हब आणि बाहेरची रिम तारांनी जोडून चाक सरळ फिरेल असं ताणणं, मी त्यांच्याकडून शिकलो. आमचा चाक सेट करायचा स्टँड अजून तोच आहे: लोखंडी अँगलवर उलटा वेल्ड केलेला सायकलचा जुना चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) आणि दोन्ही बाजूंनी दोन बोल्ट, जे रिमच्या जवळ आत-बाहेर करता येतात. परदेशी स्टँड पुढं घेतला, तोही चांगला आहे, पण उस्ताद त्याच्यावर रुमाल वाळत घालायचे. निपलची, म्हणजे तारेच्या टोकाच्या नटाची, चावी मात्र त्यांनी कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. पितळी निपलच्या कडा एकदा गोल झाल्या की तार कामातून गेली, हे ज्याला कळतं त्याला ती चावी घट्ट बसण्याचं महत्त्व सांगायला नको.

त्यांचं तंत्र असं. मागच्या चाकात फ्रीव्हीलमुळं हबचा तोल एका बाजूला, म्हणून उजव्या तारा जास्त ताठ आणि डाव्या थोड्या ढिल्या. एका बाजूच्या सगळ्या तारा नखानं वाजवल्या तर एकाच सुरात बोलल्या पाहिजेत. “देखो मत, सुनो,” म्हणायचे. नवं चाक बांधलं की तारांच्या जोड्या हातात धरून आवळायच्या, चाक आडवं ठेवून दाबायचं, कडकड आवाज येतो, पीळ निघतो, मग पुन्हा सेट. असं आवाज थांबेपर्यंत. मशीनवर बांधून येणाऱ्या स्वस्त चाकांत हे होत नाही, आणि तो पीळ गिऱ्हाइकाच्या पहिल्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये निघतो. मग चाक डुलतं, तारा ढिल्या पडतात आणि हबच्या भोकापाशी, जिथं तार वाकलेली असते, नेमक्या तिथं तुटतात. म्हणून सांगतो, नवी सायकल घेतली की पंधरा दिवसांत चाकं दाखवून घ्या. कुठंही दाखवा.

गिअरच्या सायकली आल्या तेव्हा आमच्याकडं पहिले टिकाऊ गिऱ्हाईक बँकेतले काका. निवृत्तीला आलेले, पोट सुटलेलं, डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सायकल घेणारे. अशी माणसं महिनाभर चालवतात आणि मग तिच्यावर टॉवेल वाळत घालतात. काकांनी तसं केलं नाही. रविवारी पहाटे दौलताबाद, मग खुलताबाद, मग म्हैसमाळ. म्हैसमाळ उतरताना मुरमाच्या कच्च्या वाटेवर घसरून गुडघा फोडून घेतला आणि सोमवारी दुकानात येऊन विचारलं, “पुढचं टायर कोणतं टाकू?” त्यांच्यामुळं आजूबाजूचे डॉक्टर, एक वकील, कॉलेजातले दोन सर असा गोतावळा जमला. आम्ही सुलीभंजनच्या डोंगरावर, गौताळ्याच्या बाजूला, कन्नडच्या घाटाखाली जाऊ लागलो. काळ्या पाषाणावर आणि मुरमावर सायकल कशी चालवायची ते तिथं अंगात भिनलं.

आणि मग दोन गोष्टी एकदम झाल्या. २०१२-१३ चा दुष्काळ. आपल्याकडच्या लोकांना त्याचं वर्णन करायची गरज नाही. मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, टँकरनं जगवल्या त्याही पुढं गेल्या. दाजींनी तोंडानं मागितलं नाही, पण बहीण रडली. मी दाजींचा वाटा देऊन टाकला, त्यासाठी दुकानातला निम्मा माल ज्या किमतीला उचलला त्याच किमतीला विकला आणि वर कर्ज काढलं.

त्याच सुमाराला जालना रोडवर ते शोरूम उघडलं. काचेचं, एसी, आत कॉफीचं मशीन. मालक पुण्याकडचे. उद्घाटनालाच वीस टक्के सूट. आम्हाला कंपनीकडून जेवढ्याला सायकल पडायची तेवढ्याला ते गिऱ्हाइकाला देत होते. वर ‘आयुष्यभर मोफत सर्व्हिस’. मला सांगा, ब्रेक पॅड झिजणार, चेन ताणणार, केबल गंजणार, हे मोफत कुठून येतं? येतं ते सायकलच्या किमतीतूनच, किंवा मग सर्व्हिस म्हणजे फडक्यानं पुसून देणं. मी हे ज्याला त्याला सांगत सुटलो होतो. लोक ऐकायचे, मान हलवायचे आणि सायकल तिकडून आणायचे. पंक्चरला माझ्याकडं.

मग त्यांनी माझ्या दुकानातला पोरगा नेला. वाळूजच्या बाजूचा, चौदा-पंधराचा असल्यापासून शाळा सुटली की दुकानात येऊन बसायचा, उस्तादांच्या हाताखाली तयार झालेला. पगार दुप्पट. जाताना पाया पडून गेला. त्याच्यावर राग नाही. पण त्यांनी त्याला चाक बांधायला कधी बसवलं नाही, खोके उघडून सायकली जोडायला ठेवलं. हाताची कला अशी वाया घालवली, याचा राग आहे. रविवारची राइडही त्यांनी सुरू केली, टी-शर्टसकट. आमच्या गोतावळ्यातलेही काही त्या टी-शर्टात दिसू लागले. काका नाही.

त्या काळात दुकान भाड्यानं द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. मोबाइलवाला येऊन मापं घेऊन गेला होता. उस्ताद तीन महिने पगार घेईनात, “हिसाब बाद में,” एवढंच. काकांनी त्यांच्या ओळखीतल्या लोकांना एकेक करून चाकं बांधून घ्यायला पाठवलं. हाताचं चाक म्हणजे काय, हे शहरात लोकांना तेव्हा कळायला लागलं. लातूर, नांदेड, परभणीहून चाकं येऊ लागली, एसटीच्या पार्सलनं. तिथून आम्ही सावरलो. २०२० मध्ये लॉकडाऊन उठल्यावर सायकलींना जी मागणी आली ती सगळ्यांनाच आली, त्याचं कौतुक मी सांगत नाही. त्याच वर्षी ३ जूनला, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, साहिबाबादचा ॲटलासचा कारखाना थांबला. वडिलांच्या भाड्याच्या सायकलींत ॲटलासच जास्त होत्या. त्या दिवशी दुकान उघडलं पण काम झालं नाही.

आता स्पिती. काकांचा हट्ट होता की सत्तरी गाठायच्या आत एकदा हिमालयात सायकल चालवायची. सप्टेंबर २०२२ ला निघालो. दाजीही आले, त्यांची बाग तोवर पुन्हा धरली होती. आणि आयत्या वेळी टी-शर्टवाल्यांतले दोघे आले, चांगली पोरं, त्यांच्या सायकली शोरूमच्या. मी निघायच्या आधी दोघांना दुकानात बोलावलं, चाकांच्या तारांची लांबी मोजली, उजव्या-डाव्या बाजूच्या वेगळ्या, आणि तेवढ्या मापाच्या तारा बरोबर घेतल्या. गिअरचा हँगर, म्हणजे चेन गिअरवर सरकवणारा डिरेलर फ्रेमला ज्या पट्टीवर टांगतात ती, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, तो शोरूममधून मागवून घ्या म्हणून सांगितलं. त्यांना उत्तर मिळालं, “तो कधी तुटत नाही.”

सायकली सचखंड एक्स्प्रेसला पार्सल टाकल्या, दिल्लीहून गाडीनं रिकाँगपिओला. मनालीच्या बाजूनं न जाता किन्नौरच्या बाजूनं गेलो कारण तिकडून उंची हळूहळू वाढते: पिओ, नाको, ताबो, काझा. मनालीहून गेलं की कुंझुमची खिंड फार लवकर पुढ्यात येते. साडेचार हजार मीटरच्या वर, म्हणजे चार म्हैसमाळ एकावर एक ठेवल्यावरही वर उरेल इतकी. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या जरा वर असतो, चढावर दम लागत नाही, दम संपतोच. ज्यांना घाई असेल त्यांनीही काझ्यात दोन रात्री काढाव्यात, आणि डोकं ठणकून उलटी झाली तर औषधाची चर्चा न करता खाली यावं. आमच्या दाजींना तसंच झालं. कोमिकला न येता ते जीपनं काझ्यात परतले आणि नंतर वर्षभर ऐकवत राहिले की मी त्यांना फोटोतून कापलं.

तिकडचा दगड आपल्यासारखा नाही. आपला काळा पाषाण गोलसर फुटतो, टायर घसरतं. स्पितीत पाटीसारख्या चिपा, धारदार, आणि त्या टायरच्या बाजूला चिरतात. ट्यूबलेसचं सीलंट (टायरच्या आत ओतायचं, भोक बुजवणारं पातळ) मधल्या भोकाला चालतं, बाजूच्या चिरेला नाही. जुन्या टायरचा तुकडा आतून लावायचा, ट्यूब टाकायची आणि चालू लागायचं. हवेचं एक लक्षात ठेवा: पिओत भरलेलं टायर कोमिकला न भरताच जवळपास तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दाखवतं, कारण बाहेरचा दाब उतरलेला असतो. आधीच टणक भरलं असेल तर दगडावर सायकल उडते. दोन-तीन पीएसआय सोडून द्या.

ताबोच्या पुढं त्या दोघांपैकी एकाच्या मागच्या चाकाच्या दोन तारा गेल्या. उजव्या बाजूच्या, म्हणजे फ्रीव्हील काढल्याशिवाय बदलता येत नाहीत. रिमूव्हर माझ्याकडं होता, व्हाइस काझ्यातल्या एका वेल्डिंगवाल्याकडं मिळाला. मग सायकल उलटी करून, फ्रेमला केबल टाय बांधून त्याचं टोक रिमजवळ आणून त्याचाच स्टँड केला. बॅटरीच्या उजेडात सगळ्याच तारा पुन्हा ताणल्या. शेजारच्या खोलीतल्या बंगाली पाहुण्यांनी टणटण आवाजाची तक्रार केली.

दुसऱ्या दिवशी लांग्झा, हिक्कीम. हिक्कीमला ते प्रसिद्ध पोस्ट ऑफिस आहे, काकांनी तिथून दुकानाच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. नंतर रस्ता सोडून पायवाटेनं कोमिककडं निघालो तेव्हा दुसऱ्याचा डिरेलर दगडाला लागला आणि हँगर मोडला. तोच, कधी न तुटणारा. डिरेलर काढून पिशवीत टाकला, चेनब्रेकरनं चेन आखूड केली, पुढच्या-मागच्या दात्यांची जी जोडी चेनला ताठ बसेल तिच्यावर बसवली आणि त्याला एका गिअरवर कोमिकला पोचवलं. जिथं चढत नव्हतं तिथं तो चालला, मीही त्याच्याबरोबर चाललो. आणि तिथं मग तो फोटो.

परत आल्यावर त्या दोघांपैकी एका पोरानं कौतुकानं तो फोटो शोरूमला पाठवला, त्यात त्याचा काही डाव नव्हता. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. मी फोन केला तर मॅनेजर म्हणाले, “सर, तुम्हालाही टॅग करतो.” अजून करायलेत. एका स्थानिक पुरवणीतही बातमी आली, त्यात ‘शहरातील सायकलस्वारांना तांत्रिक सहकार्य’ म्हणून शोरूमचं नाव होतं. काकांचं कार्ड मात्र महिन्याभरानं आलं, हिक्कीमच्या शिक्क्यासकट. ‘चाक जरासुद्धा हललेलं नाही. बिल कमी लावलं होतंस, फरक घेऊन जा.’ ते काउंटरच्या काचेखाली आहे, कुणीही येऊन वाचावं.

तेव्हापासून शोरूमची चाकंही माझ्याकडं येतात, आठाच्या पुढं, मागच्या दारानं. त्यांनी नेलेला माझाच पोरगा घेऊन येतो. बिलावर त्यांचं नाव नको असतं. मी नाव घालून बिल देतो, नसेल चालत तर चाक परत.

उस्तादांची नजर आता अधू झालीय, पण रोज अकराला येतात आणि माझं चाक झालं की एक तार वाजवून मान हलवतात किंवा हलवत नाहीत. पोरीनं हल्ली भाड्याचा धंदा पुन्हा सुरू केलाय, या वेळी डोंगराच्या सायकलींचा, म्हैसमाळला जाणाऱ्यांसाठी. मागे नंबर आहेत, आजोबांच्यासारखे पांढऱ्या रंगात.

दुकान सोमवारी बंद असतं. चाक दाखवायला आणायचं असेल तर टायरसकट आणा, आणि हायड्रॉलिक ब्रेक असेल तर त्यात आधी काय तेल आहे ते पाहून या. मिनरल तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट (दुसऱ्या जातीचं ब्रेकचं तेल) ओतलं तर आतली सील फुगून बसते, मग मीच काय, कुणीच काही करू शकत नाही. गेल्या आठवड्यात असाच एक जण येऊन गेला. कुणी ओतलं ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलंही नाही.