विमानं बघायला गेलो आणि बाबांना मिठागर सापडलं

तर डिसेंबरात आई-बाबा आमच्याकडे न्यू जर्सीत आले होते आणि इथली थंडी बघून आईने तिसऱ्याच दिवशी जाहीर केलं की मी आता मार्चपर्यंत घराबाहेर पडणार नाही. मग नवऱ्याने क्रूझचं काढलं. फ्लोरिडातून सुटायचं, सात रात्री, कॅरिबियन, व्हिसा मल्टिपल एन्ट्री असल्यामुळे परत यायचा प्रश्न नाही, जेवण फुकट (फुकट कसलं, आधीच कापून घेतात). बाबा म्हणाले समुद्रच बघायचा तर उरणला काय कमी आहे, पण आले बिचारे.

स्टॉप तीन होते. बाकी दोनांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, एका ठिकाणी पाऊस आणि दुसऱ्या ठिकाणी नुसतं शॉपिंग. हे सगळं लिहितेय ते सेंट मार्टिनबद्दल.

सेंट मार्टिन का, तर आमच्या चिरंजीवांमुळे. वय वर्षं नऊ, विमानांचं वेड. तिथला माहो बीच, जिथे विमानं लोकांच्या डोक्यावरून उतरतात, तो यूट्यूबवर त्याने इतक्या वेळा बघितलाय की त्याला तिथल्या कुंपणाचा रंगसुद्धा पाठ होता. तर जहाजावरूनच "माहो बीच आणि मारिगो" अशी गाईडवाली टूर घेतली. बाहेरून टॅक्सी केली असती तर निम्म्या पैशात झालं असतं हे मला माहिती आहे, कॉमेंटमध्ये सांगू नका. पण आई-बाबा सोबत, आणि टूर जहाजाची असली तर उशीर झाला तरी जहाज थांबतं, स्वतःच्या जबाबदारीवर गेलात तर टाटा करून निघून जातं. धक्क्यावरून जीव खाऊन पळणाऱ्या लोकांचे व्हिडिओ मी पाहिलेत, त्यात आईला इमॅजिन केलं आणि गपचूप कार्ड स्वाइप केलं.

सकाळी पहिलाच गोंधळ घड्याळाचा. टूरची वेळ सव्वानऊ, आम्ही आरामात बुफेत उपमा मिळतो का शोधतोय (मिळाला, बरा होता), आणि नवऱ्याने फोन बघितला तर सव्वानऊ वाजलेले! जी काय पळापळ, आईच्या चपलेचा अंगठा तुटायचा बाकी राहिला, लिफ्ट मिळेना म्हणून सात मजले जिने उतरलो, खाली आलो तर गँगवेवरचा माणूस शांतपणे म्हणतो अजून तासभर आहे. झालं होतं असं की बेटावर घड्याळ फ्लोरिडाच्या एक तास पुढे असतं, जहाजाने आपलं घड्याळ बदललंच नव्हतं, पण फोनने बेटाचा टॉवर पकडून स्वतःच टाइम बदलून टाकला. तर कोणी जाणार असाल तर हातात साधं घड्याळ घाला, जहाजाच्या टाइमवर लावा आणि फोनवर विश्वास ठेवू नका. बाबांचं एचएमटी तेवढं बरोबर होतं आणि ते त्यांनी पुढे तीन दिवस ऐकवलं.

धक्क्यावर आमच्यासकट पाच जहाजं. प्रत्येक जण छातीवर नंबरचा स्टिकर लावून पाटीमागे उभा, अगदी शाळेची सहल. आमचा नंबर १४. गाईड म्हणजे साठीच्या आसपासची एक धिप्पाड बाई, बस पण तीच चालवणार, माईक पण तिचाच, आणि सगळ्यांना डार्लिंग. बाबांनाही डार्लिंग. आईने माझ्याकडे एक लूक दिला.

बस सुटून पाच मिनिटं झाली असतील. गाव म्हणजे फिलिप्सबर्ग, त्याची गंमत अशी की पुढे समुद्र आणि मागे एक मोठं तळं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर दोन-चार रस्त्यांचं गाव. आम्ही त्या तळ्याच्या कडेने चाललो होतो. तळ्याच्या मधोमध कचऱ्याचा डोंगर, खरंच डोंगर, अख्ख्या बेटाचा कचरा तिथे पडतो, बसमधल्या बायकांनी नाकाला रुमाल लावले. मग एक सर्कल आलं आणि त्यात पुतळे, वाकून काहीतरी गोळा करणाऱ्या माणसांचे. आणि माझ्या मागच्या सीटवरून बाबा एकदम मोठ्याने, मराठीत, "अगं हे मिठागर आहे!"

सगळी बस वळून बघायला लागली. गाईडने आरशात बघून विचारलं काय म्हणाले काका, तर मी सांगितलं की ते म्हणतायत इथे मीठ काढायचे. तिने पुढच्या वळणावर बस चक्क कडेला घेतली.

इथे थोडं मागे जावं लागेल. आमचं गाव उरण तालुक्यातलं. आजोबा मिठागरावर होते, बाबा लहानपणी शाळा सुटली की थेट आगरात. मला फक्त गोष्टी माहिती, कारण ती सगळी जमीन नंतर संपादनात गेली, १९८९ला न्हावा शेव्याचं बंदर सुरू झालं आणि जिथे आजोबा मिठाच्या राशी लावायचे तिथे आज कंटेनरच्या राशी आहेत. बाबा स्वतः पुढे बँकेत लागले आणि मिठाचा विषय घरात फक्त भाजी अळणी झाली की निघायचा.

तर ती गाईड सांगायला लागली आणि मला वाटतं हे तिच्या नेहमीच्या स्क्रिप्टमध्ये नसावं. या बेटाचं जुनं नावच सुआलिगा सांगतात, मिठाची भूमी. डच लोक इथे १६३१ला आले ते बीचसाठी नाही तर या तळ्यासाठी, त्यांच्याकडे हेरिंग मासा खारवायला मीठ लागायचं. दोन वर्षांत स्पॅनिशांनी त्यांना हाकललं. परत मिळवायला १६४४ला डचांनी हल्ला केला त्यात पीटर स्टायव्हसंटच्या पायावर तोफगोळा बसला आणि पाय कापावा लागला. हा तोच स्टायव्हसंट, जो नंतर लाकडी पाय घेऊन न्यू अ‍ॅमस्टरडॅमचा म्हणजे आजच्या न्यूयॉर्कचा गव्हर्नर झाला! मी रोज ट्रेनने मॅनहॅटनला जाते, त्याच्या नावाची शाळा आहे तिथे, आणि त्याचा पाय मिठापायी गेला हे मला कॅरिबियनमध्ये बसमध्ये कळतंय.

पण ती स्टायव्हसंटवर फार रमली नाही. तळ्यात उतरून मीठ काढायचे ते गुलाम. आफ्रिकेतून आणलेली माणसं, बायकासुद्धा, गुडघाभर खारट पाण्यात दिवसभर, हातापायाला चिरा पडलेल्या आणि त्यात मीठ. बेट एका बाजूला फ्रेंचांचं, दुसऱ्या बाजूला डचांचं. फ्रेंच बाजूला गुलामी १८४८ला संपली आणि डच बाजूला १८६३ला. म्हणजे पंधरा वर्षं असं होतं की डोंगरापलीकडे गेलात तर मोकळे, आणि लोक जायचे, रात्रीतून. आणि नंतरही मीठ चालूच राहिलं. तिची स्वतःची आजी याच तळ्यात मीठ गोळा करायची.

बाबांनी विचारलं, इंग्लिशमध्ये, अगदी हळू शब्द जुळवत, की पाऊस आला की काय करायचे. ती म्हणाली, काय करणार, सगळं वाहून जायचं, आजी आभाळ बघून रडायची. बाबा म्हणाले, सेम. आमच्याकडे सेम.

बस मग निघाली. पुढे बराच वेळ बाबा खिडकीतून मागेच बघत होते आणि नातवाला सांगत होते, आधी मोठ्या तापवणीत पाणी तापू द्यायचं, मग कोंडीत सोडायचं, पायाने तुडवून कोंडीची जमीन कडक करायची, मीठ धरलं की फळीने ओढायचं. चिरंजीव हो हो करत होते, त्यांचं लक्ष आकाशात.

बरं, आता माहो. रस्त्यात ट्रॅफिक होतं, कारण सिम्पसन बेला एक पूल आहे तो यॉट जायला उघडतो आणि मग अख्खा रस्ता थांबतो, कुणाचा तरी तरंगता बंगला निघून जाईस्तोवर आपण बसायचं. बीचवर दीड तास मिळेल असं सांगितलेलं, मिळाला तास-सव्वातास.

बीच खरं सांगू का, तसा छोटासाच. वाळू छान, पाणी म्हणाल तर बघतच राहावं असं निळं, पण बसायला सावली नाही आणि गर्दी दादरच्या प्लॅटफॉर्मसारखी. गंमत आहे ती पलीकडे. वाळू संपली की रस्ता, रस्ता संपला की कुंपण, कुंपणाच्या पलीकडे धावपट्टी. ती जेमतेम २,३०० मीटर, त्यामुळे पायलट अगदी सुरुवातीलाच चाक टेकवायला बघतो आणि विमान आपल्या डोक्यावरून म्हणजे खरंच डोक्यावरून जातं. वारा इथे बहुतेक पूर्वेकडूनच असतो, विमान उतरतं वाऱ्याच्या तोंडावर, म्हणून समुद्राकडून येतं. हे सगळं मला चिरंजीवांनी सांगितलं, फुकट. पूर्वी केएलएमचं जंबो ७४७ यायचं, ते २०१६ला बंद झालं, त्याचं दुःख त्याला अजून आहे, जन्म त्या वर्षीचाच असला तरी.

पहिली आली ती छोटी पंख्यावाली विमानं, लोकांनी उगाच टाळ्या वाजवल्या. मग बराच वेळ काही नाही. आई टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेली, बाबा पँट दुमडून घोटाभर पाण्यात. मग सगळे एकदम उठून उभे राहिले, समुद्रावर लांब एक ठिपका, दोन दिवे, आवाज नाही काही नाही, ठिपका मोठा होत होत होत अचानक एवढा मोठा होतो की आपण आपोआप खाली वाकतो. एअर फ्रान्सचं पॅरिसहून आलेलं धूड. चाकं दिसली, पोट दिसलं, सावली आमच्या अंगावरून सर्रकन गेली आणि मग आवाज. आई ओरडली "अगं बाई!" आणि मग हसत सुटली, मी तिला इतकं हसताना कधी बघितलं होतं आठवत नाही. चिरंजीव चक्क रडत होते. आनंदाने. व्हिडिओत माझा अंगठा आलाय.

एक सीरियस गोष्ट. उतरणारं विमान ठीक आहे, पण उडणारं विमान तुमच्याकडे पाठ करून उभं असतं आणि इंजिन फुल करतं. ती हवा माणूस फेकून देते. कुंपणावर मोठ्या पाट्या आहेत, तरी लोक मुद्दाम कुंपण धरून उभे राहतात. २०१७च्या जुलैमध्ये न्यूझीलंडची एक बाई अशीच गेली, उडून डोकं काँक्रीटवर आपटलं. गाईडने बसमधून उतरायच्या आधी डार्लिंग न म्हणता सांगितलं होतं, कुंपणाजवळ जो दिसेल त्याला सोडून जाईन. आम्ही लांब बाजूला होतो तरी वाळू बंदुकीच्या छऱ्यांसारखी लागली आणि नवऱ्याची टोपी समुद्रात गेली.

मारिगो म्हणजे फ्रेंच बाजूचं गाव. एवढंसं बेट, ८७ चौरस किलोमीटर, आणि त्यात दोन देश, १६४८च्या तहापासून. बॉर्डर म्हणजे रस्त्याच्या कडेला एक स्मारक आणि झेंडे, बस थांबली पण नाही. पण पलीकडे गेलं की युरो, आणि विजेचा प्लग पण वेगळा, इकडे ११० व्होल्ट तिकडे २२०. पाऊण तासात एक क्रोसाँ खाल्ला, वर किल्ला दिसत होता, आईच्या गुडघ्यांकडे बघून सोडला. घरांच्या गोष्टी सांगताना गाईड सारखं इर्माच्या आधी, इर्माच्या नंतर असं म्हणत होती, आपण २६ जुलैच्या पुरानंतर म्हणतो ना तसं. सप्टेंबर २०१७चं ते वादळ, कॅटेगरी पाचचं. काही घरांना अजून छप्पर नाही.

परत येताना वेळ होता म्हणून फ्रंट स्ट्रीटला उतरलो. दागिन्यांची दुकानं ओळीने, आणि बऱ्याचशा दुकानांत सिंधी माणसं, पिढ्यान्‌पिढ्या इथे धंदा करून आहेत. एका काउंटरवरच्या तरुणाने आमचं बोलणं ऐकलं आणि म्हणाला, "काय काका, मुंबई का?" उल्हासनगरचा निघाला! चार वर्षं इथे. आईने त्याला लग्न झालं का, जेवायचं काय करतोस, आई फोन करते का, सगळं विचारून घेतलं, विकत काहीच घेतलं नाही, आणि त्यानेच आम्हाला थंड पाण्याच्या बाटल्या दिल्या.

धक्क्यावर गाईडला टिप दिली. बाबांनी स्वतःच्या पाकिटातून वेगळी दिली, आणि हात जोडले. तिने त्यांचा हात हातात घेऊन उलटा करून तळवा बघितला आणि काहीतरी म्हणाली, आवाजात मला ऐकू आलं नाही. बाबांना विचारलं तर म्हणाले, काही नाही, बँकेतला हात आहे म्हणाली.

रात्री जहाज निघाल्यावर फॅमिली ग्रुपवर फोटो टाकले. विमानांचे माझे चाळीस, नवऱ्याचे व्हिडिओ, आई टॉवेल घेऊन. बाबांनी एकच टाकला, तळ्याचा, बसच्या काचेतून काढलेला, अर्ध्यात त्यांच्याच शर्टाचं प्रतिबिंब आणि खाली काही लिहिलेलं नाही. उरणला तेव्हा पहाट होती. पाच मिनिटांत मोठ्या काकांचा रिप्लाय, "कुठला फोटो रे? करळकडचा जुना वाटतो."