मेश लावलं तरी पीएस ५ का तुटतो, आमच्या चिऱ्याच्या घरातला अनुभव

घरात मेश वायफाय, म्हणजे जागोजागी ठेवलेल्या नोड नावाच्या छोट्या यंत्रांनी मिळून एकच वायफाय पसरवायची सोय, लावलंय, मोबाईल सगळीकडे फुल रेंज दाखवतो आणि तरी पीएस ५ (प्लेस्टेशन ५, गेमचं मशीन) खेळताना मध्येच नेट सोडतो, ही तक्रार मी गोव्यात डिचोली, साखळी, वाळपईकडच्या बऱ्याच ओळखीच्यांकडून ऐकलीय आणि प्रत्येकाला कोणीतरी एकच सल्ला दिलेला असतो, प्लॅन वाढवा. नका वाढवू. खेळ चालू असताना थोड्याशा एमबीपीएसमध्ये भागतं, मोठा स्पीड लागतो तो गेम डाऊनलोड करताना. खेळताना बघायचं ते पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) आणि पॅकेट (नेटवरून जाणारे माहितीचे तुकडे) वाटेत गळतायत का ते, आणि जुन्या घरांत हे बहुतेक वेळा आपल्याच दोन नोडच्या मध्ये बिघडतं.

आमचं घर साखळीजवळ. पुढे वसरी (पडवी), मग राजांगण (घराच्या मधलं उघडं अंगण), त्याच्या पलीकडे माजघर आणि सगळ्यात मागे टीव्हीची खोली. फायबर रस्त्यावरच्या खांबावरून येतं म्हणून नेट कंपनीचा डबा (मोडेम-राउटर) आणि मेशचा मेन नोड वसरीत, आणि गेमिंग पार मागे. मध्ये दीड फुटी चिऱ्याच्या भिंती. चिरा म्हणजे भोकाभोकांचा दगड, पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, आणि पाणी वायफायच्या लहरी शोषतं, ५ गिगाहर्ट्झच्या तर जास्तच. त्यामुळे मे महिन्यात बरं चालणारं कनेक्शन जुलैत धापा टाकतं आणि माणसाला वाटतं मशीनच बिघडलं.

हे सगळं मी मनावर घेतलं ते पुतण्यामुळे. त्याची ताई नोकरीला पुण्याला गेली, तिच्याकडेही पीएस ५ आहे, रात्री जेवणं झाली की दोघं तासभर फुटबॉल खेळतात आणि खेळता खेळता बोलतात. घरातल्या भानगडी, आजीची तब्येत, सगळं त्या हेडफोनवर. "काका, ताईचा आवाज परत गेला" असं तो सांगायला यायचा तेव्हा मला खरंच वाईट वाटायचं. हा मॅच हरण्याजिंकण्याचा प्रश्न नाही हो, त्या दोघांचा तेवढाच वेळ असतो.

आता मूळ गोष्ट. बसवायला आलेला मुलगा दुसरा नोड टीव्हीशेजारी ठेवून गेला होता, सगळे तसंच करतात. पीएस ५ वर सिग्नल १०० टक्के दिसायचा. पण तो आकडा फक्त पीएस ५ ते नोड एवढ्याच अंतराचा! त्या नोडला स्वतःला वसरीतून तीन भिंती पार करून किती मिळतंय ते तिथे दिसतच नाही, ते मेशच्या ॲपमध्ये नोडवर टॅप केल्यावर दिसतं आणि तिथे आमच्याकडे लाल होतं. मग नोड उचलून राजांगणाच्या कडेला, पागोळ्यांपासून हातभर आत, खांबाच्या कोनाड्यात ठेवला. वसरीचं दार आणि राजांगण एका रेषेत, वर मोकळं आभाळ, त्यामुळे मेन नोडचा सिग्नल भिंतीत न अडकता येतो. पीएस ५ वरचा सिग्नल उलट थोडा कमी झाला आणि खेळ सुधारला. नोड जिथे नेट नाही तिथे ठेवायचा नसतो, जिथपर्यंत नेट चांगलं पोचतं तिथे ठेवायचा असतो.

दुसरी भानगड लाईटची, आणि ही खास आपल्याकडची. लाईट गेली की वसरीतला डबा आणि मेन नोड इन्व्हर्टरवर चालू राहतात, आतला नोड बंद पडतो. लाईट आली की आपण लगेच पीएस ५ लावतो, आतला नोड अजून चालूच होत असतो, मग पीएस ५ ला लांबचा मेन नोड सापडतो आणि तो त्यालाच चिकटून बसतो. कुठल्या नोडला लागायचं हे मेश ठरवत नाही, शेवटी ते मशीन ठरवतं, आणि एका जागी ठेवलेलं मशीन सहसा आपणहून बदलत नाही. तेव्हा आतला नोडही इन्व्हर्टरवर घ्या, किंवा नोड पूर्ण चालू झाल्यावर पीएस ५ चं वायफाय तोडून परत जोडा. काही मेशच्या ॲपमध्ये एखादं डिव्हाइस एकाच नोडला बांधून ठेवायची सोय असते, ती शोधा.

बँडचं पण सांगतो. बँड म्हणजे वायफायच्या लहरींचा पट्टा, २.४ किंवा ५ गिगाहर्ट्झ. सेटिंग्जमधून नेटवर्क, परत सेटिंग्ज, मग सेट अप इंटरनेट कनेक्शन, तिथे जोडलेल्या वायफायवर येऊन कंट्रोलरचं ऑप्शन्स बटण दाबलं की फ्रिक्वेन्सी बँड निवडता येतो. नोड आणि मशीन एकाच खोलीत असेल तर ५, मध्ये चिऱ्याची भिंत असेल तर दोन्ही लावून बघा, २.४ हळू असलं तरी भिंतीतून जास्त जातं. पर्वरी, फोंड्याच्या फ्लॅटवाल्यांनी मात्र ५ च ठेवावा, शेजाऱ्यांच्या राउटरनी २.४ भरलेला असतो. कोणाकडे २०१३चा पहिला पीएस ४ असेल तर तो फक्त २.४ वर चालतो, आणि मेशला सिक्युरिटी फक्त डब्ल्यूपीए ३ ठेवली असेल तर पीएस ४ जोडलाच जाणार नाही, डब्ल्यूपीए २ करा.

नेट चांगलं पण आवाज जात नाही, पार्टीत (खेळताना बोलायच्या ग्रुपमध्ये) घेत नाही, असं असेल तर टेस्ट इंटरनेट कनेक्शनमध्ये नॅट टाईप (दुसऱ्या खेळाडूंशी जोडणी किती मोकळी आहे ते) बघा. २ असेल तर ठीक. ३ असेल तर बहुतेक कंपनीचा डबाही राउटर आणि मेशही राउटर, असे दोन राउटर एकामागे एक बसलेत. मेशच्या ॲपमध्ये वॅन आयपी (मेशला बाहेरून मिळालेला पत्ता) १९२.१६८ ने सुरू होत असेल तर नक्कीच तेच, मेशला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वायफाय देईल, राउटरचं काम करणार नाही. १०० पॉइंट ६४ ते १०० पॉइंट १२७ मधला असेल तर ते कंपनीकडचं काम, कितीही बटणं दाबून घरात काही होणार नाही, पब्लिक आयपी (फक्त आपल्या कनेक्शनचा पत्ता) मागायचा.

आणि खरा उपाय विचाराल तर केबल. आम्ही गेल्या चवथीच्या आधी, घराची साफसफाई चालू होती तेव्हाच, वसरीतून माळ्यावरून वाशांच्या कडेने कॅट ६ केबल आतल्या नोडपर्यंत ओढली, उंदरांसाठी पीव्हीसी पाईपमधून, लाईटच्या वायरपासून लांब. ही इथरनेटची केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढं अंतर होतच नाही. नोडला मागून केबल आली की दोन नोडमधली हवेतली ओढाताण संपते, नोडची सगळी ताकद मशीनला मिळते. मग नोड परत टीव्हीशेजारी नेला आणि त्याच्यातूनच छोटी केबल पीएस ५ ला दिली. फक्त गडगडायला लागलं की प्लगबरोबर ही केबलही काढून ठेवा, फायबरमधून वीज येत नाही पण तांब्याच्या तारेतून येते.