नवी फाउंडेशनं, जुनीच थरथर

बिल 9,794 रुपयांचं होतं. तीन इंजिन फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं त्यांचे, 5,900, मजुरी 2,400, त्यावर 18 टक्के जीएसटी. 22 सप्टेंबर 2025 च्या आधी काम केलं असतं तर पार्टवर 28 टक्के बसले असते, म्हणजे आणखी 590 रुपये. हा हिशोब मला सरांनीच तोंडी करून दाखवला. गारगोटीकडच्या हायस्कूलमधून रिटायर झालेले, विषय गणित. गाडी 2014 ची वॅगनआर, लाखाच्या पुढं चाललेली. तक्रार अशी की एवढे पैसे घालून गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते.

"मेस्त्री, सिग्नलला थांबलं की आरशात मागचं काही दिसत नाही. नुसतं धूसर."

ज्या गॅरेजनं काम केलं त्यांनी सांगितलं होतं, रबर नवीन आहे, दोनेक हजार किलोमीटर चालली की सेट होईल. हे वाक्य आमच्या लाइनीत फार चालतं. गिऱ्हाईक तेवढे दिवस तरी परत येत नाही. सरांनी वाट बघितली, मग गाडी थेट माझ्याकडं कोल्हापूरला आणली आणि निकालही स्वतःच लावला: "लोकल माल घातलाय. तुम्ही तीनही ओरिजिनल टाका. किती होतील सांगा."

धंद्याच्या हिशेबानं याच्याइतकं सोपं गिऱ्हाईक नाही. उद्यमनगरात फोन टाकायचा, पार्ट मागवायचे, दुपारपर्यंत गाडी मोकळी. पण मी आधी बोनेट उघडलं.

इंजिन थरथरतं म्हणजे फाउंडेशन गेलं, हे जवळजवळ प्रत्येक गाडीवाला गृहीत धरतो. प्लग खराब असला, प्लगला ठिणगी देणारी कॉईल मिस मारत असली, हवा आत घेणाऱ्या थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला तरी सीटला हादरे तसेच येतात. म्हणून आधी स्कॅनर लावला, मिसफायर नव्हतं, म्हणजे पेटायचं चुकत नव्हतं. एकेक कॉईलचं सॉकेट काढून बघितलं, तिन्ही वेळा इंजिनाचा वेग सारखाच पडला. म्हणजे तिन्ही सिलिंडर आपापलं काम करत होते. त्यात हे तीन सिलिंडरचं इंजिन. आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, साधारण 800 आरपीएम (मिनिटाला फेरे) धरा, तर ते सेकंदाला 20 वेळा पेटतं. चार सिलिंडरचं त्याच आरपीएमला 26-27 वेळा पेटतं. हादरा जितका संथ, तितका रबराला पचवायला जड. शिवाय तीन सिलिंडरच्या इंजिनाची दोन टोकं आळीपाळीनं वरखाली व्हायला बघतात. थोडी थरथर या गाडीच्या जन्माचीच आहे, ती कुणाच्या बापाला काढता येणार नाही. सरांना हे आधीच सांगितलं, नंतर वाद नको.

मग पोराला म्हटलं, इंजिनाच्या तळाच्या ऑइल चेंबरखाली लाकडी फळी घालून जॅक लाव आणि इंजिन चालू ठेवून अगदी हलकं उचल. इंजिन बोटभरसुद्धा वर गेलं नसेल, पण स्टिअरिंगची थरथर निम्मी झाली. सर आत बसले होते, तेच ओरडले, "थांब, थांब, आता बरं वाटतंय!"

टॉर्च धरून उजव्या बाजूचं फाउंडेशन बघितलं. अशा फाउंडेशनमध्ये मधे लोखंडी बुश असतो, भोवती रबर, आणि रबराला चारी बाजूंनी हलायला थोडी फट. गाडी सपाट जमिनीवर उभी असताना बुश त्या फटीच्या मधोमध लोंबकळला पाहिजे. इथं तो एका बाजूला स्टॉपरला घट्ट टेकला होता, दुसऱ्या बाजूला बोट जाईल एवढी जागा. रबर नवं कोरं, पण त्याच्या वाट्याला कामच नव्हतं. इंजिनाचा हादरा सरळ चेसिसमध्ये जात होता. बोल्टवरच्या खुणा बघून कळलं काय झालंय ते. इंजिन जॅकवर टांगलेलं असतानाच सगळे बोल्ट आवळून टाकलेत, मग जॅक काढलाय. इंजिन खाली बसायला गेलं आणि तिन्ही रबरं पिळून अडकली.

बोल्ट ढिले केले. पूर्ण काढायचे नाहीत, नुसते सैल. जॅक उतरवला, इंजिन चालू केलं, दोनदा रेस दिली, बंद केलं. इंजिन हलून हलून आपल्या जागेवर बसतं, ते त्याला बसू द्यायचं. मग आधी उजवं, नंतर गिअरबॉक्सकडचं, शेवटी मागचं, टॉर्क रेंचनं, म्हणजे मोजून जोर लावणाऱ्या पान्यानं, आवळलं. चालू केल्यावर आरशात मागं उभी असलेली रिक्षा नंबरासकट वाचता येत होती. एसी लावल्यावर थोडी गुरगुर राहिली, ती गाडीची स्वतःची.

एक गोष्ट मात्र मला बघवेना. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग झिरपत होतं आणि ऑइल ओघळून त्याच उजव्या फाउंडेशनवर येत होतं. ऑइल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं, मग फाटतं. जुनं तसंच गेलं असणार. नव्याचंही तेच झालं असतं. पॅकिंग बदललं.

"जुने पार्ट मागून घेतले होते का?" मी विचारलं.

गणिताचे शिक्षकच ते. डिकीतून पोतं काढलं. उजवं फाउंडेशन खरंच गेलं होतं, टॉमी (लोखंडी पहार) घातली तर रबर लोखंडापासून सुटून आलं. बाकीची दोन ठणठणीत. गिअरबॉक्सकडच्याला साधी चीरही नव्हती. म्हणजे एक फाउंडेशन, त्याची मजुरी आणि पॅकिंग एवढ्यात काम होत होतं, तीन-साडेतीन हजारांच्या वर जायचं कारण नव्हतं. तिन्ही एकदम बदला म्हणणारे पूर्ण चूक असतात असं नाही. गाडी दीड-दोन लाख चालली, रबरं कडक होऊन चिरा पडल्या, तर जोडीनं बदललेली बरी. पण मागचं काढायला गाडी रॅम्पवर घ्यावी लागते, मजुरी तिथं चढते, आणि चढवायच्या आधी गिऱ्हाइकाला जुनं रबर डोळ्यांनी दाखवायला काय जातं?

मी पॅकिंगचे वेगळे आणि मजुरीचे 800 सांगितले.

"800? बोल्ट ढिले केलेत आणि परत आवळलेत. नवीन काय घातलंत?"

"काही घातलं नाही, त्याचेच आहेत."

त्यांना ते पटलं नाही. 600 म्हणाले, मी 700 वर आलो, चहा पाजला त्यांनीच. त्या दोन चांगल्या फाउंडेशनचे दोनशे रुपये देतो, ठेवून जा, असं मी म्हटलं. कुठल्यातरी जुन्या गाडीला उपयोगी पडली असती. सरांनी ऐकलं नाही. पोतं परत बांधलं, डिकीत टाकलं, आणि जाताना म्हणाले, आता वाटेत त्याच गॅरेजवर थांबणार आहे.