बॉस्टनचं जुनं सिटी हॉल : बाहेर महापालिका, आत ऑफिसं

मेट्रोच्या रेड किंवा ग्रीन लाइनने पार्क स्ट्रीट स्टेशनवर उतरा. ट्रेमाँट स्ट्रीटने किंग्ज चॅपल या चर्चपर्यंत चालत या आणि चॅपलच्या कोपऱ्यावर उजवीकडे वळा, की स्कूल स्ट्रीट लागतो. जमिनीतली लाल विटांची रेघ, म्हणजे ऐतिहासिक ठिकाणं जोडणारा 4 किलोमीटरचा फ्रीडम ट्रेल, इथूनच जाते. पण बरेच जण रेघेकडे बघत पुढे निघून जातात आणि डाव्या हाताची ही इमारत नीट बघायची राहते. अर्धा तास तरी हाताशी ठेवा.

रस्त्यावरूनच आधी छप्पर बघा. 1862 ते 1865 मध्ये ग्रिडली ब्रायंट आणि आर्थर गिलमन यांनी ही इमारत बांधली, ती तेव्हाच्या पॅरिसच्या धर्तीवर. छपराच्या बाजू जवळजवळ उभ्या आहेत आणि त्यांत खिडक्या बसवल्या आहेत. साध्या उतरत्या छपराखाली कडेला डोकं आपटतं, माळ्याची निम्मी जागा वाया जाते. इथे छपरातच पूर्ण उंचीचा मजला मिळतो. भाड्याने ऑफिसं द्यायची ठरल्यावर हा मजलाही कामी आला.

1969 मध्ये महापालिका जवळच्याच काँक्रीटच्या नव्या सिटी हॉलमध्ये गेली. जुन्या इमारतीचं काय करायचं, हा प्रश्न त्या काळात बहुतेक ठिकाणी पाडूनच सोडवला जाई. इथे शहराने ती दीर्घ मुदतीच्या भाडेकराराने दिली. बाहेरचा दगड तसाच राखला, आतली रचना मात्र मोठ्या प्रमाणावर बदलून ऑफिसं केली. आतल्या जुन्या खोल्या गेल्या याची मला हळहळ वाटते, तरी निर्णय योग्यच होता असं माझं मत आहे. अशा कामात अडचण येते ती लिफ्ट, आगीच्या वेळचे जिने आणि वातानुकूलनाच्या नळ्या यांची. जाड भिंती फोडाव्यात तर इमारत दुबळी होते, आणि खोटं छत खाली आणावं तर ते उंच खिडक्यांना मधोमध छेदतं आणि त्याची आडवी रेघ रस्त्यावरून दिसते. जुनी इमारत नव्या वापरात कशी सांभाळली आहे हे जोखायचं असेल, तर आधी खिडक्यांचा वरचा भाग बघावा.

आत लोक कामं करतात, त्यामुळे मजल्यांवर फिरायला जाऊ नका. प्रांगण मात्र सर्वांचं आहे, आणि खरं बघण्यासारखं तिथेच जास्त आहे. बेंजामिन फ्रँकलिनचा पुतळा 1856 चा, म्हणजे इमारतीहून जुना. चौथऱ्याला चारही बाजूंनी फिरा: छापखाना, पतंगाचा प्रयोग, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरची सही आणि ब्रिटनने ते स्वातंत्र्य मान्य केलं तो पॅरिसचा तह, असे चार ब्राँझचे देखावे आहेत. दुसरा पुतळा शहराचे दुसरे महापौर जोसाया क्विन्सी यांचा. जवळच डेमोक्रॅटिक पक्षाची खूण असलेलं ब्राँझचं गाढव आहे आणि त्याच्यासमोर जमिनीत हत्तीचं, म्हणजे रिपब्लिकन पक्षाचं, चिन्ह असलेले पावलांचे ठसे. मुलांना इथे फोटो हवाच असतो.

बाहेरच्या फुटपाथवर ठिकरीच्या खेळासारखे चौकोन असलेलं रंगीत मोझेक आहे. 1635 मध्ये सुरू झालेली बॉस्टन लॅटिन स्कूल ही शाळा याच जागी भरत असे, तिची आठवण म्हणून ते आहे. रस्त्याचं नाव तिच्यावरून पडलं. गर्दीच्या पायांखाली हे मोझेक झाकलं जातं, म्हणून सकाळी लवकर या. दर्शनी भागाचा फोटो मात्र उन्हाळ्यातल्या दुपारी काढा. समोरचं पार्कर हाउस हॉटेल उंच आहे. थंडीत सूर्य खाली असला की त्याची सावली थेट या दगडावर पडते आणि कोरीवकाम सपाट दिसतं.