खिशातला भुसा

स्मरणिकेसाठी काहीतरी लिही रे म्हणून ग्रुपवर तीनदा आठवण झाली, शेवटी बसलो. ८८ च्या दहावीवाले मला अजून लेंडलच म्हणतात, खरं नाव निम्म्यांना आठवत नसेल.

तेव्हा टेनिसमध्ये अख्खा वर्ग बोरिस बेकरवाला आणि मी एकटा इव्हान लेंडलचा. हात घामानं सटकू नये म्हणून तो खिशात लाकडाचा भुसा ठेवायचा, रॅकेटच्या मुठीला चोळायचा. आपल्या शाळेत टेनिस कुठलं, रिंग टेनिस! तरी मी वखारीतनं भुसा आणून हाफपॅन्टचे दोन्ही खिसे भरले आणि रिंग फेकायच्या आधी ऐटीत हात चोळायला लागलो. पीटीच्या सरांनी खिसे उलटे करायला लावले, मग हातात खराटा दिला.

लेंडलनं आठ ग्रँड स्लॅम (म्हणजे टेनिसच्या चार सगळ्यात मोठ्या स्पर्धांपैकी) मारली पण त्यातलं विम्बल्डन काही नशिबात नाही. ८६ च्या फायनलला बेकरनं हरवलं, ८७ ला पॅट कॅशनं, दोन्हीदा सरळ तीन सेटमध्ये. कॅश तर जिंकल्या जिंकल्या प्रेक्षकांतनं वाट काढत वर चढला, कोचला आणि घरच्यांना मिठ्या मारायला, आणि आमचा लेंडल खाली ताटकळत. सोमवारी वर्गात माझं काय झालं ते सांगत नाही. ९० ला तर ह्यानं विम्बल्डनच्या गवतावर जमावं म्हणून प्रॅक्टिससाठी चक्क फ्रेंच ओपन सोडली, जी तीनदा जिंकलेला! तरी सेमीफायनलला एडबर्गनं घरी धाडलं. पुढं पाठदुखीनं खेळच सुटला.

२०१२ ला बघतो तर स्वारी ब्रिटनच्या अँडी मरेची कोच. आता गंमत बघा, लेंडल स्वतः पहिल्या चार ग्रँड स्लॅम फायनल हरलेला, मरेपण बरोब्बर चार हरला आणि पाचवी जिंकला. हरण्यातला सिनियर कामाला आला म्हणायचा (हे माझं मत, बेकरवाले मानणार नाहीत).

७ जुलै २०१३, विम्बल्डनची फायनल, ताटं वाढलेली तशीच. जोकोविचविरुद्ध ४०-० वरून तीन मॅच पॉइंट घालवून मरे शेवटी एकदाचा जिंकला आणि कॅशसारखाच वर चढला, आणि ह्या वेळी वर बसलेला कोण, तर लेंडल! त्या मिठीच्या नादात मरे आईला विसरून निघाला होता, हाक ऐकून मागं फिरला.

मी डोळे पुसत सरांना फोन लावला. सर म्हणाले, "कोण लेंडल? ...हां हां, भुसा! अरे, त्या दिवशी नेटखालचा झाडलाच नव्हतास तू."